बरणीतलं शेवाळ

राणी सरकारच्या अमदानीत ठाण्याच्या कचेरीतून पेन्शन घेऊन अण्णा कोलशेतला राहायला आले. संशयी स्वभाव मात्र कचेरीत ठेवून आले नाहीत. गवळी, न्हावी, सख्खा भाऊ, त्यांनी कुणालाच सोडलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात पाळी आली भिवाची.

भिवा खाडीकाठी शिंपले भाजून चुना करायचा. गावच्या तळ्यातलं शेवाळ पांढरं पडलं होतं, हाताला खरखरीत लागत होतं. अण्णांनी ते बोटांत चुरडून पांढरी भुकटी पंचांपुढे धरली.

"चुना आहे हा. टोपल्या तळ्यात धुतो लेकाचा. त्याला तळं बंद करा."

"आमी टोपल्या खाडीतच धुतो, अण्णा," भिवा म्हणाला. "तळं बंद केलं तर पोरांनी खारं पाणी प्यायचं काय?"

अण्णांना त्या विनवणीतही लबाडीच दिसली. पंचांनी निकाल पौर्णिमेवर ठेवला. तोवर पक्का पुरावा हवा म्हणून अण्णांनी शेवाळाचे कोवळे हिरवे शेंडे खुडून धुतले आणि काचेच्या बरणीत, घरच्या विहिरीच्या पाण्यात घालून माडीच्या खिडकीत उन्हाला ठेवले. भिवापासून लांब ते हिरवेच राहणार, याची त्यांना खात्री होती. खोलीला कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली.

शेंडे वाढले आणि वाढता वाढता पांढरे झाले. अण्णांचा पहिला संशय बायकोच्या पानाच्या डब्यातल्या चुन्यावर. त्यांनी कुलूप बदललं, पाणी बदललं, नवे शेंडे घातले. पुन्हा तेच खरखरीत कवच.

"अहो, आपल्या विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर मी तपेल्यावरून चिंचेनं घासून काढते," सुमतीबाई शेवटी म्हणाल्या. "त्याच पाण्यातला चुना ते झाड अंगावर चढवतंय. तळ्यातही तेच करत असेल."

पौर्णिमेला अण्णांनी बरणी पारावर आणून ठेवली. ती पाहून भिवाचा चेहरा उतरला.

"हे माझ्या घरात, कुलपाआड पांढरं झालं," अण्णा म्हणाले.

"आणि किल्ली कुणाकडे होती?" पाटलांनी विचारलं.

"माझ्याकडे. भिवाचा यात काही दोष नाही."

तळं भिवाला खुलं राहिलं. दुसऱ्या दिवशी अण्णा तळ्यावर गेले तेव्हा भिवाची बायको शेवंती पाणी भरत होती. अण्णांना पाहताच तिने संशयानं बघत हंड्याच्या तोंडावर पदर घट्ट धरला आणि ते लांब जाईपर्यंत सोडला नाही.

अण्णांना ते फार लागलं.