उंबऱ्यावरचे आवटीमामा

आमची गल्ली दुप्पट रुंद झाली त्या गुरुवारी माझी बायको गिरिजा मागच्या खोलीत जुन्या संगणकावर नातेवाइकांचे वाढदिवस भरत बसली होती. जे वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, असा रुंदीकरणाचा नियम. त्यामुळे घर रुंद झालं, मी रुंद झालो, शेजारच्या मगदुमांचा आवाज रुंद झाला, वास्तविक तो आधीच पुरेसा होता. मागची खोली, संगणक आणि गिरिजा तेवढी जुन्या मापाची राहिली.

दार उघडंच होतं. पलीकडे ती पाठमोरी बसलेली दिसायची. मी "चहा टाकू का?" म्हटलं की शब्द उंबऱ्यापर्यंत जायचे, चौकटीला अडायचे आणि खाली पडायचे. मग दारावर अक्षरं उमटायची: जोडणी झाली नाही. दोन्हीकडची रचना जुळत नाही.

खाली पडलेले शब्द मी संध्याकाळी झाडून काढायचो.

शेवटी स्टँडजवळ संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या शबाना जमादारला बोलावलं. तिनं पर्स खाली ठेवून चौकट निरखली.

"काका, दार कुठलं उघडलंय तुम्ही?"

"हेच. एकच तर आहे."

"दोन असतात." तिनं त्याच चौकटीतून दुसरं दार उघडून दाखवलं. हुबेहूब तसंच. नव्या मापाच्या दारावर 'जुने' अशी पाटी होती आणि जुन्या मापाच्या दारावर 'नवे' अशी.

"पाट्या उलट्या लागल्यात की."

"लागल्यात."

"मग बदल की."

"बदलता येत न्हाईत. निम्मी गल्ली ह्या चुकीच्या पाट्या वाचूनच घरी पोचते."

'नवे' पाटीच्या, म्हणजे खऱ्या जुन्या दारातून मी पुन्हा चहाचं विचारलं. बराच वेळ गेला. मग अक्षरं उमटली: वाट पाहून थकलो.

"मीही," मी म्हणालो.

"चूक बदलली, काका. म्हणजे काम पुढं सरकलंय." शबानाला खरोखरच आनंद झाला होता. "आता मधे कुणीतरी बसवायला लागतंय. एक कूस तिकडची, एक कूस इकडची. तिकडचं ऐकायचं, इकडं सांगायचं. फक्त त्याला स्वतःचं म्हणणं नको. असलं की जोडणी तुटली."

आमच्या गोतावळ्यात असा माणूस एकच. आवटीमामा. आमचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. ते वारले होते, पण मध्यस्थी आहे म्हटल्यावर आले. उंबऱ्यावर स्टूल टाकून बसले, धोतर सारखं केलं, आणि त्यांची डावी बाजू आपोआप अरुंद झाली.

"मामा, तिला विचारा, बरी आहेस ना?"

मामा पलीकडे वाकले. गिरिजा बोलायला लागली. तिचे हात हलताना मला दिसत होते. चांगला वेळ बोलली. मग मामा वळले.

"मुलगी सुस्वभावी आहे. स्वयंपाकात हात धरणारं कुणी नाही. सतार शिकायची तयारी आहे."

"एवढा वेळ ती हेच सांगत होती?"

"हेच."

रोज असं चाललं. दर निरोपाला चौकट थोडी आत सरकायची आणि इकडचा दिवाणखाना तेवढाच वाढायचा. माझी खुर्ची लांब लांब जाऊ लागली. गिरिजा आधी अख्खी दिसायची, मग खांदा आणि वेणी, मग नुसता पदराचा काठ. निरोप मात्र उत्तम येत होते. मुलगी गृहकृत्यदक्ष आहे. मुलीला आमचं घर पसंत आहे.

"मामा, तिची एखादी तक्रार आणा हो," मी म्हणालो. "लहानशी चालेल. माझ्या घोरण्याबद्दल आणा. ती कुरकुरल्याशिवाय ती तिथं आहे हे मला पटत नाही."

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. "जावईबापू, उभ्या आयुष्यात मी इकडची तक्रार तिकडं नेली नाही. नेली असती तर तुमचं लग्न झालं असतं का?"

मी पुन्हा शबानाला बोलावलं.

तिनं चौकटीला कान लावून ऐकलं. "येतंय सगळं बरोबर, काका. फक्त मामांच्यातनं गोड होऊन बाहेर पडतंय."

"मग त्यांना उठव."

"उठवलं तर दार मिटणार. कुणीतरी बसलंच पाहिजे."

"मी बसतो."

"तिथं बसलं की तुमचं स्वतःचं म्हणणं राहणार न्हाई. स्वतःचा एक शब्द जरी बोललासा तरी संपलं."

"नवरा आहे मी तिचा. सवय आहे."

मामा उठले, दुसरं एक स्थळ बघायचंय म्हणाले आणि भिंतीतून निघून गेले. मी चटकन स्टुलावर बसलो. डावा कान, डावा खांदा, डावा पाय एकेक करून जुन्या मापाचे झाले. दुखलं नाही. जुना शर्ट अंगात चढावा तसं वाटलं.

आधी पंख्याची घरघर ऐकू आली. मग खोबरेल तेलाचा वास. गिरिजा इतकी जवळ होती की तिच्या चष्म्याच्या काचेवरचे बोटांचे ठसे मला दिसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मध्यस्थाकडे कुणी बघत नाही. ती माझ्यावरून पलीकडे, दिवाणखान्याकडे बघत होती.

"मामा," ती म्हणाली. उंबऱ्यावर बसतो तो मामा, एवढंच आता तिला माहीत होतं. "किती दिवस झाले, हाका मारतेय. यांना ओ द्यायला होतं काय? कान गेलेत, की मी नकोशी झालेय? विचारा एकदाचं. आणि मला गोड करून सांगू नका."

चौकट माझ्या दोन्ही कुशींना टेकली होती. तिचा हात माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

मी दिवाणखान्याकडे वळलो. पार त्या टोकाला, काडेपेटीएवढी, माझी रिकामी खुर्ची दिसत होती.

"ती विचारतेय," मी खुर्चीला म्हणालो, "ओ का देत नाही?"

मागून गिरिजा म्हणाली, "काय म्हणतात?"