घंटेतला मोजा

डॉक्टर हाड जोडतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. घरी गेल्यावर त्या माणसाला उठवणार कोण, भरवणार कोण आणि त्याच्यापायी झिजून मरणार कोण, ही सगळी भानगड सोशल वर्करच्या गळ्यात. हाडांच्या वॉर्डातल्या ताईंना आपल्या या कामाबद्दल आदर होता. ज्यांच्यासाठी ते करायचं त्या माणसांबद्दल मात्र फारसा उरला नव्हता. वॉर्डात माघारी आपल्याला 'कडू कारलं' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यात चुकीचं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

सध्या त्यांच्या डोक्याला ताप होता तो खिडकीजवळच्या खाटेवरच्या हेडमास्तरांचा. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालायला लागले होते. त्यांना घरी सोडायचं की नाही, हे ताईंच्या शिफारशीवर अवलंबून होतं. घरी म्हणजे बायकोच्या हवाली, कारण घरात दुसरं कोणी नव्हतंच. मुलगा होता, पण तो फोनवर बोलत यायचा आणि फोनवर बोलत जायचा.

निवृत्त होऊन किती काळ लोटला तरी हेडमास्तरांची शाळा काही सुटली नव्हती. नर्सला उभं करून तिचे उच्चार सुधारायचे. सूप गार म्हणून परत पाठवायचे, गरम करून आणलं की पोळलं म्हणून पुन्हा पाठवायचे. आणि येईल त्याला सांगायचे, की मी जन्मभर मुलांना एकच गोष्ट शिकवली, स्वावलंबन. हे सांगताना पाठीमागची उशी नीट करायला ते कोणालातरी खुणेनं बोलवत असत.

या वॉर्डाचा एक रिवाज होता. घरी सोडण्याआधी पेशंटला व्हरांड्याच्या टोकाच्या छोट्या स्वयंपाकघरात न्यायचं आणि कपभर चहा करायला सांगायचा. उभं राहवतं का, हात थरथरतो का, गॅस बंद करायचं भान राहतं का, सगळं त्यात कळतं. हेडमास्तर ओट्यासमोर उभे राहिले. पातेल्याकडे पाहिलं, लायटर उलटासुलटा केला, चहाच्या डब्याऐवजी मिठाचा उघडला. मग रिकाम्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं!"

बरोबर असलेल्या छोट्या डॉक्टरचा चेहरा एकदम गंभीर झाला. "ताई, मेमरी गेलेली दिसते. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं."

"गेलेली नाही," ताई म्हणाल्या. "आलीच नव्हती कधी. या माणसानं जन्मात चहा केलेला नाही."

छोट्या डॉक्टरला हे पटायला वेळ लागला. त्यालाही चहा त्याची आईच करून देत असणार, असं ताईंच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ताई हेडमास्तरांचं घर बघायला गेल्या. पायऱ्या किती उंच, बाथरूममध्ये धरायला काही आहे का, ते पाहायचं असतं. दार उघडायला बराच वेळ लागला. हेडमास्तरांच्या बायकोच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती.

"जरा पडले होते," काकू घाईघाईनं म्हणाल्या. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. उजव्या मनगटाला पट्टी गुंडाळलेली होती.

"हे काय झालं?"

"ते पडले तेव्हा उचलायला गेले. लचकलं."

"आमच्या डॉक्टरांना का नाही दाखवलंत? रोज तर येता तिथे."

"सगळे त्यांच्या पायात गुंतले होते हो. मध्येच माझा हात कुठे पुढे करू?"

ताईंना स्वतःचाच राग आला. ही बाई रोज डबा घेऊन त्यांच्या टेबलासमोरून गेली होती, आणि त्यांनी डबा पाहिला होता, हात पाहिला नव्हता.

आत खिडकीपाशी हेडमास्तरांची आरामखुर्ची होती आणि शेजारच्या स्टुलावर एक पितळी घंटा. शाळेनं निरोप समारंभात दिलेली, मुठीत धरून वाजवायची. हेडमास्तरांनी ती मोठ्या प्रेमानं कामाला लावली होती. पाणी हवं, घंटा. चष्मा हवा, घंटा. काकू तळणावर असोत की आंघोळीला, तास भरल्यासारखी घंटा. ताईंनी ती उचलून हलवली. आवाजच आला नाही. आत एक जाड लोकरी मोजा गच्च कोंबला होता.

काकू ओशाळून हसल्या. "ते ॲडमिट झाले त्याच दिवशी कोंबला. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी मी 'आले, आले' म्हणत उठायचे. आता झोप लागते. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रेशरही खाली आलंय."

एक माणूस आजारी पडल्यामुळे दुसऱ्याची तब्येत सुधारते, हे ताई काही पहिल्यांदाच पाहत नव्हत्या. पण घरच्या बाईला तिची मर्जी विचारायची पद्धत मात्र कोणाचीच नसते. त्यांनी विचारलं, "काकू, तुम्हाला ते घरी हवेत का?"

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. "असं कधी विचारतात का कोणी?"

"मी विचारतेय. नको म्हणालात, तर मी दुसरी सोय बघेन. तुमच्यावर लादणार नाही."

काकूंनी पट्टीचं टोक आत खोचलं. "चहा शिकवाल का त्यांना? स्वतःचं एवढं तरी करायला लागले ना, तर घेईन मी. निभावेन."

मग ताईंनी हेडमास्तरांना चहा शिकवला. असा विद्यार्थी शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. पाणी उकळेपर्यंत ते उकळण्याच्या क्रियेवर व्याख्यान देत. साखर सांडली की डब्याचं तोंड चुकीचं आहे म्हणत. पण जिद्द होती. नापास व्हायचा त्यांना जन्मजात तिटकारा होता. अखेर चहा जमला, आणि मग काय विचारता! शेजारच्या खाटांवरच्या बिचाऱ्यांना पाय वर टांगलेल्या अवस्थेत चहा कसा करावा हे ऐकावं लागलं. जणू चहाचा शोध यांनीच लावला होता.

परीक्षेच्या दिवशी छोटा डॉक्टर आला, मुलगा आला, काकू आल्या. काकूंनी चांगलं पातळ नेसलं होतं. दाराशी स्टुलावर, मांडीवर पर्स घेऊन त्या बसल्या. हेडमास्तरांनी गॅस पेटवला, चहा उकळला, दूध घातलं, गॅस बंद केला आणि सगळ्यांकडे बघून घेतलं. मग चहा गाळला. एक कप.

छोट्या डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या. मुलगा फोनवर सगळं टिपत होता. "वा बाबा! एकदम हीरो!"

हेडमास्तर खुर्चीत टेकले. एक घोट घेतला, पसंतीची मान हलवली आणि चमचा उचलून कपावर वाजवला. टण, टण, टण.

"बिस्किटं दे गं."

काकू ताडकन उभ्या राहिल्या. पर्स खाली पडली, चिल्लर घरंगळत ओट्याखाली गेली.

मुलगा हसला. "बघा ताई, या वयातही किती जीव आहे एकमेकांवर!"

असल्या माणसाच्या हातातला फोन त्याच गरम चहात बुडवावा असं ताईंना मनापासून वाटलं. पण त्या काकूंकडे पाहत होत्या. काकू तशाच उभ्या होत्या, दुखरा हात छातीशी धरून. आपण कधी उठलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नसावं. मग त्या हळूच खाली बसल्या.

"चहा आला हो त्यांना," त्या ताईंना म्हणाल्या. "पण मला नकोत ते घरी."

"आई, काहीतरीच काय बोलतेस?" मुलाचा फोन खाली आला. "मग बाबा जाणार कुठे?"

"तुमच्याकडे," ताई म्हणाल्या. "चालतात, जेवतात, चहा स्वतः करतात. आत्ताच फोनवर टिपलंत तुम्ही."

"अहो, पण आमच्याकडे जागा कुठे..."

"एका खुर्चीची लागते."

या सगळ्याकडे हेडमास्तरांचं लक्षच नव्हतं. बिस्किटं आली नव्हती, एवढंच त्यांना कळलं होतं. त्यांनी पुन्हा चमचा वाजवला, या खेपेला जोरात. काकू हलल्या नाहीत. ताईंनी हाताची घडी घातली. छोट्या डॉक्टरनं बुटांकडे पाहिलं. चमचा वाजतच राहिला, आणि शेवटी मुलगाच उठला आणि कपाटात बिस्किटं शोधू लागला.

काकूंनी पर्स उचलून झटकली. "घंटा संध्याकाळी पाठवते तुझ्याकडे," त्या मुलाला म्हणाल्या. "आतला मोजा तेवढा काढून घेईन. माझा आहे तो."