तिकडचं इकडं धरतील का?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मोटारथांब्यावरचा. अणदूरच्या सुताराने बैलगाडी करून उरलेल्या दोन कडुलिंबाच्या फळ्या जोडून मला घडवले, कोळशाची भुकटी आणि पाल्याचा रस घोटून काळे केले, आणि माणिकप्पांनी मला आपल्या दुकानाच्या दाराशी टांगले.

त्या काळी आमच्या भागावर निजामाचे राज्य होते. सोलापूरहून हैदराबादेला जाणाऱ्या मोटारी माणिकप्पांच्या दारात थांबत. त्यांच्या वेळा ते रोज सकाळी माझ्यावर खडूने लिहीत, वर उर्दूत, खाली मराठीत. मोटार बिघडल्याची खबर आली की हातातले काम टाकून वेळ बदलत. घड्याळ चुकेल पण माणिकप्पांचा फळा चुकायचा नाही, असे लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरे वाटे.

माणिकप्पांची मुलगी शिवकांता हैदराबादेत शास्त्र शिकत होती. १९४६ च्या सुरुवातीला ती घरी आली ती एक पत्र घेऊनच. विलायतेतल्या एका विद्यापीठाने तिला सहा महिने शिकायला बोलावले होते. तिची आई सिद्धम्मा त्याच दिवशी शेंगा भाजायला बसली, पोरीबरोबर चटणी द्यायला. पण एक अडचण होती. पदवीला चार विषय लागत. तिकडे शिकलेले विषय इकडच्यांशी जुळले, तरच ते सहा महिने धरले जाणार होते. नाही तर एक वर्ष वाया. आणि तिचा वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, तर एकाच वर्षाचा उरला होता.

शिवकांताने मला खुंटीवरून उतरवले आणि पालथे केले. तोवर माझ्या पाठीला कुणी विचारले नव्हते. तिने मधोमध रेघ ओढली. एकीकडे लिहिले ‘तिकडचं’, दुसरीकडे ‘इकडचं’. तीन विषय जुळले, चौथा अडला. इकडे रसायन सक्तीचे होते. तिला तिकडे बियाण्यांचा अभ्यास करायचा होता. ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काणी रोगाची काळी भुकटी का भरते, हे कोडे तिला लहानपणापासून पडले होते. सहा महिन्यांत दोन्ही बसत नव्हते. ती लिही, पुसे, पुन्हा लिही. असे आठ दिवस चालले.

गावातले निवृत्त शिक्षक बलभीम गुरुजी तिला उर्दूत अर्ज लिहायला मदत करत. भला माणूस. पोरीचे वर्ष जाऊ नये एवढेच त्यांना वाटे. एका दुपारी त्यांनी सुचवले, की बियाण्यांच्या विषयालाच अर्जात ‘रसायन’ म्हणून टाकावे. समुद्रापलीकडे काय शिकवतात ते बघायला कोण जाते? शिवकांताने तसे माझ्यावर लिहून पाहिले. चारही खाने भरले.

तेवढ्यात माणिकप्पा आत आले. चौथ्या ओळीतले रसायन कुठून आले ते त्यांनी विचारून घेतले.

“मोटार नऊला येणार न्हाय हे ठावं असलं, तर मी नऊ लिहीत न्हाय,” ते म्हणाले. “लोकं भरवशावर येऊन बसत्यात.”

“आप्पा, मग माझं वर्ष जाईल.”

“जाईल. तुला ते चालंल का, तूच बघ.”

गुरुजींनी मान खाली घातली. शिवकांता कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदराने ती ओळ पुसली.

तिने कॉलेजला सारे खरे कळवले. महिन्याने उत्तर आले. रसायनाचे प्रयोग जाण्याआधी उन्हाळ्यात पुरे करावेत, परतल्यावर पेपर द्यावा. बियाण्यांचा विषय हवा तर शिकावा, पण तो कुठेही धरला जाणार नाही. तिने ते मान्य केले. उन्हाळाभर ती हैदराबादेत प्रयोगशाळेत राबली आणि गौरी-गणपती झाल्यावर निघाली. त्या दिवशी माणिकप्पांनी सोलापूरच्या मोटारीची वेळ तीनदा गिरवली.

पुढच्या उन्हाळ्यात ती परतली. पेपर दिला. निकाल आला तो वाईट. तिकडचे तीन विषय धरले, पण रसायनात नापास. वजीफाही थांबला. ती दुकानाच्या ओट्यावर बसून राहिली, जेवायलाही उठेना. माणिकप्पांनी मला उतरवले, कोरड्या फडक्याने पाठ पुसली आणि खडू तिच्या हातात दिला.

“आता किती महिने लागतील ते लिही,” ते म्हणाले. “खरं लिही.”

तिने ‘सहा’ लिहिले. लागली दोन वर्षे. रझाकारांची धामधूम सुरू झाली, मोटारी बंद पडल्या, कॉलेजला टाळे लागले. मी आठवडेच्या आठवडे कोरा टांगलेला होतो. त्या दिवसांत ती घरीच अभ्यास करी. निजामाचे राज्य गेले, आणि १९४९ साली ती पास झाली.

माझे दिवस मात्र फिरले. थांब्यावर वेळांचा छापील पत्रा आला. मला गोठ्यात टेकवून ठेवले, कोंबड्या अंगावर बसू लागल्या. शिवकांताला जवळच्या सरकारी शेतीफार्मावर काम मिळाले, तेव्हा तिनेच मला बाहेर काढले, धुतले, वाळवले आणि तिथे नेऊन टांगले. आता माझ्यावर मोटारींच्या वेळा नसतात. पेरणीआधी ज्वारीच्या बियाण्याला गंधकाची भुकटी कशी चोळायची, ते ती लिहून दाखवते.

परवा तेर गावचे बब्रुवान नावाचे म्हातारे शेतकरी आले होते. त्यांच्या रानातली काणी यंदा गेली होती. त्यांनी विचारले, “बाई, हे कुठल्या परीक्षेला होतं तुमास्नी?”

शिवकांता हसली. “परीक्षेला नव्हतं, काका.”

म्हणून सांगतो, मित्रांनो, मार्कांत धरत नाहीत एवढ्यासाठी एखादी गोष्ट शिकायची सोडू नका. आणि घराच्या कोपऱ्यात एखादा जुना फळा धूळ खात असेल, तर तो चुलीत घालण्याआधी एकदा पालथा करून बघा.