गायरान झाडलं तो दिवस

इंदुबाईचं आणि माझं भांडण कडब्याच्या गंजीवरून झालं. सकाळी सातला, भर गायरानात, सगळ्या वस्तीच्या देखत. मी म्हणत होतो गंजी हलव, आणि ती गंजीला पाठ लावून उभी होती.

"हजार पेंढ्या हाईत, दाजी! उचलायच्या कुणी अन् परत रचायच्या कुणी?"

"अगं, वरनं फोटू निघणार हाय गावाचा. कालेजात लागंल, परदेशात जाईल. तिथं काय तुझं शेण दावायचं?"

"मग? म्हशी काय अत्तर हगत्यात व्हय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. माझा पारा चढला. मी पोपट. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. मोठा साहेब तपासणीला यायचा असला की आम्ही आदल्या दिवशी रस्त्याकडेच्या दगडांना चुना मारायचो. पाहुणा यायच्या आत जागा चकाचक पाहिजे, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी सरळ पहिली पेंढी उचलली आणि खांद्यावर टाकली.

इंदुबाई आमची शेजारीण. एकतीस वर्षांपूर्वी नवरा वैजनाथबरोबर गंगाखेडकडून वीटभट्टीवर आली आणि इथलीच झाली. वैजनाथ गेला तेव्हा तिच्या पदरी एक म्हैस होती, आता तीन होत्या. गायरानाच्या कडेला त्यांचे खुंटे, कडबा, गोवऱ्या, आणि पहाटेचं दूध हडपसरच्या बाजारात. वस्तीतली आणखी पाच घरं अशीच गायरानावर जगत होती. गायरान कुणाच्या नावावर नसतं, ते गावाचं. रोज तिथं जनावर उभं राहतं हाच आमचा कागद.

आमची निंबारवाडी हडपसरच्या पलीकडे. आता महापालिकेत गेली, म्हणजे पट्टी शहराची आणि पाणी टँकरचं. पण पुण्याच्या कॉलेजांना आम्ही फार सोयीचे. तासाभरात बस पोचते आणि खेडं पाहिल्याचं पुण्य मिळतं. डॉक्टरकीची पोरं आमचं ब्लडप्रेशर मोजून गेली. आकडा किती आला ते कुणी कळवलं नाही. शिक्षणशास्त्राच्या बाईंनी शाळेतल्या पोरांकडून एकच धडा चार वेळा वाचून घेतला. कॉम्प्युटरवाल्यांनी इंदुबाईच्या म्हशीच्या गळ्यात पट्टा बांधला, ती रवंथ किती करते ते मोजायला. म्हशीनं तो तिसऱ्या दिवशी डबक्यात बुडवला. यायचे, विचारायचे, सही घ्यायचे, जायचे. गाढवानं खाल्लं काय आणि वासरानं खाल्लं काय, आमचं शेत मोकळंच.

तनया मात्र तशी नव्हती. निदान आम्हाला तसं वाटलं.

सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायची आणि ड्रोन उडवून जमिनीचे नकाशे करायची. त्यावरच तिची पीएचडी. दोन वर्षं येत होती. चुलीपुढं बसून भाकरी खायची, म्हशींना नावानं हाक मारायची. कुठला बांध कुणाचा, पावसाळ्यात पाणी कुठून वाहतं, गायरानाची हद्द कुठवर, हे सगळं इंदुबाईनं तिला पायी फिरवून दाखवलं. एकदा पोरगी उन्हानं फणफणली तर इंदुबाईनं रात्रभर तिच्या तळपायांना काशाची वाटी घासली. "लेक असती तर येवढीच असती," असं ती माझ्या बायकोला, मुक्ताईला, म्हणायची.

चैत्रात ड्रोन पहिल्यांदा उडाला. सगळं गायरान भरलेलं होतं. पण चित्रं जोडताना कॉम्प्युटरचा घोळ झाला. म्हशी हलायच्या, ताडपत्र्या फडफडायच्या. इंदुबाईच्या तीन म्हशींच्या पाच झाल्या, त्यातली एक बिनमुंडक्याची. तनयानं ते चित्र आम्हाला दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. तिचे सर मात्र हसले नाहीत म्हणे. नकाशा जुळत नव्हता.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "मावशी, परत उडवावा लागेल. परवा दोनच तास म्हशी कालव्याकडे न्याल का? बाकी काही नको."

बाकी काही नको असं ती बोलली होती, हे मी तिच्या बाजूनं सांगून टाकतो. पुढचा शहाणपणा माझा. फोटो म्हटल्यावर माणूस निदान तोंड तरी धुतो की नाही? मी घरोघर सांगत फिरलो.

तर त्या सकाळी भांडण झालं आणि शेवटी इंदुबाईच नमली. "पोरीचं काम हाय म्हून," असं म्हणून तिनं पदर खोचला. मग सगळी वस्ती भिडली. गंजी उतरवून घरामागं नेली, गोवऱ्या पोत्यांत भरल्या, खुंटे उपटले, उकिरड्यावर माती ओढली. बायांनी खराट्यानं सगळं गायरान झाडून काढलं. मुक्ताईनं मधोमध शेणाचा सडा घालून ही भलीमोठी रांगोळी काढली.

तनया आली ती बघतच राहिली. "अय्या! एवढं कशाला केलंत?"

बोलली तेवढंच. लगेच जमिनीवर ड्रोनच्या खुणेसाठी चुन्याच्या फुल्या मारायला लागली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. आम्हाला वाटलं, आमच्या कष्टांचं कौतुक आहे. ड्रोन वर गेला, घारीसारखा फिरला, उतरला. सगळं आधीसारखं मांडायला आम्हाला दोन दिवस लागले, पण कुणाची तक्रार नव्हती.

मार्गशीर्षात शाळेच्या भिंतीवर महापालिकेची नोटीस लागली. चष्मा लावून मी मोठ्यानं वाचायला लागलो आणि अर्ध्यातून परत सुरुवातीला आलो. निंबारवाडीचं गायरान ही वापरात नसलेली मोकळी जागा असून ती कचऱ्याच्या गाड्यांच्या तळासाठी घेतली जात आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत पुराव्यासह मांडावी. खाली नकाशा. नकाशाच्या कोपऱ्यात कॉलेजच्या विभागाचं नाव, त्याखाली तनयाचं. जागा आरशासारखी स्वच्छ. मुक्ताईची रांगोळी पांढऱ्या टिकलीएवढी दिसत होती. म्हैस एकही नव्हती.

"वापरात न्हाई म्हंजी?" इंदुबाईनं विचारलं. "मग म्या एकतीस वर्सं कुठं राबले?"

मला तिच्याकडं बघवेना.

पुरावा शोधायला लागलो. पण शेणाचा फोटो कोण काढून ठेवतो? मुक्ताईच्या मोबाइलमध्ये वसुबारसेच्या पूजेचा एक निघाला, त्यात वासराचं तोंड आणि आरतीचं ताट. गायरान कुठंच नाही. मग इंदुबाईच म्हणाली, "पोरीकडं पहिल्या बारीचे फोटू हाईत की. तिला म्हाईत नसंल कायबी. सांगू तिला."

बस बदलत आम्ही सदाशिव पेठेत गेलो. दोन जिने चढून इंदुबाई दारात टेकली. तनयानं दार उघडलं, पाणी दिलं, चहा केला. सगळं ऐकून घेतलं. नोटिशीचं तिला ठाऊक होतं. नकाशा विभागानं महापालिकेला दिला, तिच्या हातात काही नव्हतं, असं म्हणाली.

"पण चैत्रातली चित्रं आहेत माझ्याकडे, मावशी," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडला.

सगळं होतं. गंज्या, गोवऱ्या, ताडपत्र्या. एका चित्रात डोक्यावर पाटी घेतलेली बाई. इंदुबाईनं काचेवर बोट टेकवलं. "ही म्या! दाजी, ही म्याच की वो!"

"सुनावणीला मी स्वतः घेऊन येते," तनया म्हणाली. इंदुबाईच्या हातावर तिनं हात ठेवला. "शप्पथ."

येताना बसमध्ये इंदुबाई सगळी वाट बोलत होती. वेताला आलेल्या म्हशीचं, पुढच्या कडब्याचं. मीही निर्धास्त झालो. हत्ती गेला, आता शेपूट राहिलं, असं मनात म्हटलं.

सुनावणीच्या दिवशी सहा घरांची माणसं क्षेत्रीय कार्यालयात बाकावर बसलो. आत गेलो तर तनया आधीच आलेली. आमच्या बाकावर नव्हती. टेबलाच्या पलीकडं, साहेबांच्या बाजूला, तिच्या सरांशेजारी बसली होती. इंदुबाईनं हात हलवला. तिनं हसल्यासारखं केलं आणि कागद चाळायला घेतले.

साहेब पक्के पुणेरी. मी सगळं सांगितलं, झाडलं कसं, का, कुणाच्या सांगण्यावरून.

"म्हणजे काका, आपणच वापर बंद केलात, आणि आपणच वापर आहे म्हणताय," ते म्हणाले. "वा."

"एका सकाळपुरतं, साहेब! फोटूसाठी!"

"पुरावा?"

"अख्खी वस्ती सांगतीय की."

"आठवण हा पुरावा नसतो."

"मग म्हशी आणून हुब्या करू का हितं?"

"आणा. फक्त आवारात यायला पास लागेल."

तेवढ्यात इंदुबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या साहेबापुढं बोलत होती. "पुरावा हाय, सायेब. ह्या पोरीकडं हाय. चैत्रात काढल्यालं हाईत. दाव गं, तनया."

साहेबांनी तनयाकडं पाहिलं. "आहे का काही आधीचं?"

पोरीनं सरांकडं बघितलं. सर पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"पहिल्या उड्डाणाची माहिती सदोष होती," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ, शाळेत धडा म्हणावा तसा. "ती नकाशासाठी वापरण्याजोगी नव्हती. आता उपलब्ध नाही."

"आन् परवा आमाला दावलं ते?" मी ओरडलो. "बाईनं बोट लावलं त्याला! सोताला वळखलं!"

"काका, आवाज खाली. इथे बाजार भरलेला नाही," साहेब म्हणाले आणि पुढच्या फायलीला हात घातला.

इंदुबाई मात्र उभीच होती. तिला राग आलेला नव्हता, ते मला जास्त लागलं. ती नुसती त्या पोरीच्या तोंडाकडं बघत होती, घरातलंच कुणी अनोळखी बोलीत बोलायला लागल्यागत.

बाहेर जिन्यापाशी तनयानं आम्हाला गाठलं. डोळे भरलेले. "मावशी, ऐका ना. ती चित्रं खरी धरली तर जागा मोकळी दाखवणारा माझा नकाशा खोटा ठरतो. त्यावर छापून आलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागेल. सर सही करणार नाहीत. माझी चार वर्षं आहेत हो ह्यात."

"माजी एकतीस हाईत," इंदुबाई म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

माझ्या तोंडात नाही नाही त्या शिव्या आल्या होत्या. पण शिव्या द्यायला आपलं तोंड तरी स्वच्छ पाहिजे. गायरान झाडायला वस्तीला कुणी लावलं होतं? ज्यानं लावलं तो तिथंच उभा होता.

माघात पत्र्याचं कुंपण पडलं. फाल्गुनात गाड्या आल्या. आता वारा फिरला की सगळ्या वस्तीला पुण्याचा वास येतो. इंदुबाईनं दोन म्हशी विकल्या, वेताला आलेली धरून. दावणीतून सुटताना ती मागं वळून हंबरली, तेव्हा इंदुबाई घरात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तिसरी म्हैस आमच्या परड्यात बांधली आहे. तिच्या दुधासाठी हडपसरला जाणं परवडत नाही, वस्तीतच संपतं. सकाळी इंदुबाई शेणगोठा करायला येते आणि मला "चा झाला का, दाजी" म्हणते. एवढ्या दिवसांत तिनं मला एका शब्दानं टोचलेलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

ज्येष्ठात एका दुपारी दारात स्कूटर थांबली. तनया होती. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं बाड. पोरगी डॉक्टर झाली होती, नकाशांची. मुक्ताई तिला बघून तशीच आत गेली. मी काठी शोधत होतो. इंदुबाई परड्यात शेण भरत होती. हात जेमतेम विसळून आली आणि ओट्यावर बसली.

"ये," म्हणाली.

तनया उभीच राहिली. "मावशी, माझा प्रबंध. म्हटलं, पहिल्यांदा तुम्हाला दाखवावा. तुमचं नाव छापलंय ह्यात." तिनं पान उघडून समोर धरलं.

"मला कुठं वाचाय येतंय? दाजी, वाचा बरं."

मी चष्मा लावला. इंग्रजी होतं, पण चौतीस वर्षं कारखान्यात काढलेल्याला तेवढं येतं. मी मराठी करून, थांबत थांबत वाचलं. "निंबारवाडीच्या श्रीमती इंदुबाई आणि तिथले ग्रामस्थ यांचे मनापासून आभार. त्यांच्या सहकार्याशिवाय हे संशोधन शक्यच झालं नसतं."

इंदुबाईनं ऐकून घेतलं. "परत वाचा," म्हणाली. मी परत वाचलं.

पत्र्यापलीकडं एक गाडी मागं घेत होते, तिची शिट्टी वाजत होती. इंदुबाईनं ती थांबू दिली. मग तिनं ते बाड मिटलं, पदरानं त्यावरचा शेणाचा ओला डाग पुसला आणि तनयाच्या हातात परत दिलं.

"खरं लिवलंयस, पोरी," ती म्हणाली. "ह्यात एक अक्षर खोटं न्हाई."