बाबांच्या किडनीपर्यंत

मी एक जुना बुडबुडा आहे. हसू नका, मित्रांनो! रक्तात उतरून मला आठ मिनिटं झाली, आणि आमच्यात एवढं वय म्हणजे अगदी पिकलं पान.

पाण्यात तरंगणाऱ्या एका जिवाणूच्या पोटी माझा जन्म झाला. अंगावर प्रथिनाचं पातळ कवच, आत नुसती हवा. प्रयोगशाळेत आम्ही तरंगून वर आलो, तसं आम्हाला सायीसारखं अलगद काढून दोन सिरिंजमध्ये भरलं.

एका सात वर्षांच्या मुलीला तिच्या बाबांनी आपली एक किडनी दिली होती. दोन दिवस झाले, तरी लघवी उतरत नव्हती. किडनीत रक्त पोचतंय का, ते आम्ही आत शिरून सोनोग्राफीच्या पडद्यावर दाखवायचं. पोचत नसेल, तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं.

सिस्टर मोठ्या मायाळू. पोरीला त्रास नको म्हणून त्यांनी पहिली सिरिंज एका दमात रिकामी केली. पडदा काळाच राहिला. चाकाच्या खुर्चीतल्या बाबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

सिस्टरांनी सिरिंजकडे पाहिलं. तळाशी उरलेला दुधट थेंब पाण्यासारखा नितळ झाला होता. त्या गप्प बसल्या असत्या, तर कुणाला काय कळणार होतं?

"डॉक्टर, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी फार जोरात दाबलं. बुडबुडे सिरिंजमध्येच फुटलेत."

डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी थांबवायला सांगितली. "दुसरी आहे ना? सावकाश द्या."

सिस्टरांनी आम्हाला अगदी हळू सोडलं. पोरीने बाबांचं बोट घट्ट धरलं होतं. मी हृदयातून फुप्फुसात गेलो, परत हृदयात आलो. वाटेत रक्तातली प्रथिनं धुळीसारखी अंगावर बसत होती. मग किडनी आली. वाटा बारीक होत्या, पण मोकळ्या! वरून आवाजाच्या लाटा आल्या, त्या मी जीव खाऊन परत फेकल्या. पडदा उजळला.

"रक्त जातंय," डॉक्टर म्हणाले. "किडनी फक्त दमलीये. ऑपरेशन नको." बाबा ढसाढसा रडले.

आता मी यकृतात आहे. अंगावरच्या त्या धुळीवरून इथल्या सफाईवाल्या पेशींनी मला ओळखलं आणि पकडलं. माझी काही तक्रार नाही. फक्त एवढं ऐका, मित्रांनो: चूक कबूल करणाऱ्यावर कधी ओरडू नका. सिस्टर बोलायला घाबरल्या असत्या, तर त्या पोरीचं पोट उगाच दुसऱ्यांदा फाडलं असतं.