मिथुनच्या नावाचा चाबूक

ओळख होऊन तासही झाला नव्हता, आणि दौलत पैलवानाने संजयच्या थोबाडीत दिली. व्यायाम करणारी दोन पोरं हातातली वजनं खाली ठेवून बघतच राहिली. दुबई मरीनाच्या टॉवरमध्ये राहणारा, अख्खं ऑफिस बोटावर नाचवणारा माणूस, आणि बर दुबई भागात मीना बाजारामागच्या जिममध्ये बैठका मारता मारता मधेच टेकला म्हणून मार खातोय!

"आर यू मॅड?" संजय ओरडला.

"हितं मी वस्ताद. हितं तुला अरे-तुरे करणार आन चुकलास तर हाणणार. भाईर गेलास की पुन्हा साहेब. पटत नसंल तर तुमच्या मरीनात गार हवेत पळायचे पट्टे हायत."

संजय गाल चोळत उभा राहिला. मग, कमाल म्हणजे, वाकून पाया पडला.

दौलत मूळचा कागलकडचा. कुस्ती सुटली तरी तालीम काही अंगातून गेली नव्हती, आणि दुबईत पोट सुटलेल्या साहेबांना घाम फोडून तो चार घास खात होता. संजयला मात्र पोटाची पर्वा नव्हती. त्याला नोव्हेंबरात किर्गिझस्तानच्या डोंगरात शिकारीला जायचं होतं. परवाना काढून आयबेक्स मारायचा, म्हणजे पाठीपर्यंत वळलेल्या शिंगांचा रानबोकड. तिथे रस्ता नाही, गाडी नाही. तंबू, बंदूक, शिधा सगळं पाठीवर, आणि मारलेलं जनावरही पाठीवरूनच खाली आणायचं.

गेल्या वर्षीही तो गेला होता. पहिल्याच चढावर त्याला धाप लागली, आणि वाटाड्या त्याला सांभाळत तळावर राहिला. वर गेले दोघंच, त्याचा धाकटा भाऊ देवांश आणि धंद्यातला भागीदार मिथुन. वर देवांशचा पाय मोडला. मिथुन एकटाच खाली आला, पाठीवर बोकडाचं मुंडकं बांधून. म्हणाला, मदत आणायला आलोय, त्याला एकट्याने उचलणं शक्यच नव्हतं. मदत वर पोचेपर्यंत बर्फ पडला आणि देवांश गोठून मेला. ती शिंगं आता मिथुनच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागली आहेत.

हे ऐकल्यावर एखाद्याने त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला असता. दौलतला त्यात चाबूक दिसला. राग हा फुकटचा खुराक, असं त्याचे वस्ताद म्हणायचे. दमलेल्या पोराला ते दुष्मनाचं नाव घेऊन डिवचत, आणि पोर बैलासारखं उठे. दौलतनेही तेच केलं. संजयचे पाय लटपटले की तो कानाशी येऊन ओरडायचा, "मिथुन!" आणि संजय उठायचा. टॉवरचे जिने चढताना तो ओकला, तर "मिथुन!" वाळूच्या पोत्याचे पट्टे खांद्यात रुतून बनियन रक्ताने चिकटला, तर "मिथुन!" पोटऱ्यांवर वेताची छडी बसायची ती वेगळीच.

उन्हाळा सरता सरता संजयचं पोट गेलं, मान भरली, डोळे आत गेले. एकदा लढतीच्या सरावात त्याने जिममधल्या एका पोराचं नाक फोडलं. पोर खाली पडून हात जोडत होतं, तरी हा बुक्के मारतच राहिला. चौघांनी ओढून काढला.

दौलत काय म्हणाला? "शाब्बास!" म्हणाला. आगीत तेल ओतायचं आणि वर जाळ किती छान म्हणून टाळ्या पिटायच्या, त्यातली गत.

ऑक्टोबरात दोघं रास अल खैमाच्या डोंगरात जायला लागले. नुसता उघडा खडक, झाड म्हणून नाही, खाली वाळलेल्या ओढ्यात कुणाच्या तरी शेळ्या. शेवटच्या सरावाला संजय पाठीवर पोतं घेऊन असा चढला की दौलतलाच धाप लागली.

"आता असंच वझं घिऊन उतरायचं," दौलत म्हणाला. "चढण्यापरीस उतरणं वंगाळ."

संजयने पोतं सोडलं, चाकूने फाडलं आणि वाळू वाऱ्यावर सोडून दिली. "खलास. उतरायची प्रॅक्टिस नको, वस्ताद. येताना माझ्याकडे लोड नसणार."

"आन शिकार?"

"शिकार वरच राहणार. गेल्या वर्षी देवांश राहिला तसा." तो शांतपणे पाणी प्यायला. "मिथुन येतोय. मीच बोलावलं, मिठी मारून. रडला बिचारा. त्याचा पाय मोडायचा आणि खाली यायचं, बस. म्हणायचं, मदत आणायला आलो."

इतके महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि आपण रोज सकाळी त्याच्या कानात तेच नाव ओतत होतो! संजयचे पाय आपण घडवले असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा. खून घडवत होतो, हे आत्ता कळलं.

"मी त्यास्नी सांगंन."

"सांग ना. भावासारखे राहतो आम्ही. तुझं कोण ऐकेल?"

ते खरंच होतं. दौलत दोन पावलं मागे सरला आणि त्याने मांडीवर शड्डू ठोकला. आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. वस्तादाने शड्डू ठोकला की शिष्याने पाठ फिरवायची नाही, हा तालमीचा कायदा संजयला त्यानेच शिकवला होता.

"जिकलास तर जा. हरलास तर न्हाय जायाचं."

संजय हसला. सलामीला हात पुढे केला, दौलतने तो धरला, आणि संजयच्या दुसऱ्या हातातला दगड दौलतच्या तोंडावर बसला. दोन दात जिभेवर आले. दौलतने ते थुंकून मुसंडी मारली. संजयने डोळ्यात बोटं घातली, कानाचा लचका तोडला, गुडघ्याने बरगड्या ठेचल्या. कुस्ती कसली, दोन जनावरं एकमेकांना फाडत होती. दौलतला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. हा दम, ही पकड, हा न थांबणारा हात, सगळं त्याचंच देणं होतं. संजय त्याच्या छातीवर बसून गळा आवळू लागला, आणि आवळताना पुटपुटत होता, "मिथुन, मिथुन."

दौलतने अंग पिळून त्याला उलथवला आणि पट काढला, पाय खेचून त्याला पाठीवर आपटलं. संजयचा पाय दोन खडकांच्या फटीत गेला. इथेच थांबता आलं असतं. पाठ लागली होती, कुस्ती संपली होती. पण अशा माणसाला हार मानवत नसते, तो उद्या लंगडत का होईना विमानात बसेल, हे दौलतला दिसत होतं. तालमीत जाणूनबुजून कुणाचं हाड मोडणाऱ्याला त्याच्या वस्तादांनी गावाबाहेर हाकललं होतं. त्याने डोळे मिटले आणि सगळं वजन त्या नडगीवर टाकलं.

वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. संजयच्या किंकाळीने खालच्या शेळ्या उधळल्या.

मिथुन वाचला होता, आणि त्याला ते कधी कळणारही नव्हतं.

"हरामखोर!" संजय दात-ओठ खात विव्हळत होता. "जा आता! रेंज मिळेल तिथून रेस्क्यूला फोन लाव! मला उचलून तू उतरू शकणार नाहीस!"

"हां, न्हाय जमायचं कदाचित," दौलत म्हणाला. त्याचा एक डोळा मिटला होता, बरगडी श्वासागणिक टोचत होती. त्याने स्वतःचा शर्ट फाडून, सोबतच्या वेताच्या छडीचा आधार देऊन पाय बांधला, संजयला खांद्यावर घेतलं आणि उतरायला लागला.

संजय त्याच्या पाठीवर बुक्के मारत होता, शिव्या देत होता, केस उपटत होता. दौलत दोनदा घसरला, एकदा गुडघ्यावर आपटून नडगी सोलली, पण खांदा खाली येऊ दिला नाही. ओढ्याकडच्या अर्ध्या वाटेवर बुक्के थांबले.

"वस्ताद," पाठीमागून आवाज आला, "देवांश माझ्याहून हलका होता."

"व्हय?"

"खूप हलका होता. मिथुनला जमलं असतं."

"जमलं असतं," दौलत म्हणाला.

तेव्हा संजय रडायला लागला. भाऊ गेल्यापासून अडकलेलं सगळं रडू लहान मुलासारखं, भोकाड पसरून बाहेर आलं, आणि मघाशी ज्या पाठीवर बुक्के मारले तिलाच त्याने दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. दौलतने रक्त थुंकलं, खांद्यावरचं ओझं नीट सावरलं आणि पुढचा खडक पायाने चाचपला.