सेलरीच्या टबाला आलेली किळस

मी एक जुना टब आहे, आणि मला घाणीची मनापासून किळस येते. हे आधीच सांगितलेले बरे. मित्रांनो, ज्याला किळस येते त्याच्याच वाट्याला घाण जास्त येते, असा माझा अनुभव आहे.

माझा जन्म मात्र अगदी स्वच्छ झाला. पत्रा साच्यात दाबून मला गोल आकार दिला, पांढऱ्या मुलाम्यात बुडवले आणि भट्टीत भाजले. काठावर निळी रेघ ओढणाऱ्या कारागिराचा हात एकदाही चुकला नाही. दुकानात मी ऐटीत सगळ्यांत वर बसलो होतो. एका बाईने मला विकत घेतले तेव्हा तिला सातवा महिना होता. दोन महिन्यांनी तिने तान्ह्या मुलीला माझ्यात बसवले, आणि पहिल्याच आंघोळीत त्या कार्टीने जे केले ते मी तोंडाने सांगणार नाही. शी! तिची आई मात्र खळखळून हसली. मला घासून लख्ख केले आणि पुन्हा कोमट पाणी ओतले. त्या घरात सगळे तिला आईच म्हणत, म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

मुलगी मोठी झाली. मग माझ्यात मोजे भिजले, पायपुसणी भिजली, एकदा तर मेलेल्या उंदराचा पिंजराही भिजला. मुलामा जागोजागी उडाला, बुडाला गंज चढला.

"अगं, भंगारात दे की तो," बाबा म्हणाले.

"गंज तुम्हालाही चढलाय," आई म्हणाली. "तुम्हाला दिलं का मी?"

तिने हातोडी घेतली, जाड खिळ्याने माझ्या बुडाला पाच भोके पाडली आणि मला मागच्या गच्चीत विटांवर ठेवले. भोकांचे दुःख मी गिळले. पण नंतर माझ्यात जे भरले ते! कुजलेला पाला, अंड्यांची टरफले, चहाचा चोथा, आणि त्यात वळवळणारी गांडुळे. माझ्यासारख्या पांढऱ्या टबाने हे कसे सोसले ते माझे मला ठाऊक.

हे सगळे सेलरीसाठी, म्हणजे कोथिंबिरीसारख्या पानांच्या आणि जाड दांड्यांच्या त्या परदेशी भाजीसाठी, चालले होते. डॉक्टरांनी आईचे मीठ बंद केले होते. "बिनमिठाचं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी," असे ती म्हणे. सेलरी घातली की त्या पाण्याला चव येते, हे तिला कुठूनसे कळले होते. बाजारात ती महिन्यातून एखाद्या वेळी मिळायची, तीही सुकलेली. मग आईने स्वतःच लावायचे ठरवले.

सेलरीसारखे नखरेल झाड मी पाहिले नाही. बी धुळीएवढे. पहिल्या वर्षी आईने ते खोल पुरले, एकही उगवले नाही. त्याला उजेड लागतो, नुसते मातीवर भुरभुरायचे असते, हे तिला नंतर समजले. दुसऱ्या वर्षी ऊन तापले आणि रोपे फुलांवर गेली, दांडे लाकडासारखे झाले. तिसऱ्या वर्षी तीन आठवडे वाट पाहिल्यावर हिरवी सुई दिसली, आणि अखेर सहा रोपे धरली. आई रोज सकाळी बोट मातीत खुपसून ओल पाही. पानामागच्या बिनशंखाच्या गोगलगाई ती बोटांनीच उचले. त्या बुळबुळीत, शेंबडासारख्या! मी अंग चोरून घेई. तिचा हात काही मागे येत नसे.

त्याच सुमारास तिच्या पायाला झालेली जखम चिघळली. दवाखान्यात राहावे लागणार होते. जायच्या दिवशी सकाळी तिने सहाही रोपांचे दांडे जाड खाकी कागदात गुंडाळले, वर फक्त पाने मोकळी ठेवली. अंधारात दांडे पांढुरके आणि कोवळे होतात.

"पाणी बुंध्याशी घाला," तिने बाबा, मुलगा आणि मुलगी अशा तिघांना बजावले. "वरून कोंबात गेलं तर सडेल. आणि बाराव्या दिवशी कागद सोडा. घरी आल्यावर मला हिचंच सूप हवंय."

तिघांनी माना डोलावल्या. मित्रांनो, तिघेही तिच्यावर जीव टाकत होते. म्हणूनच तर सांगतो.

बाबा सकाळी चहा पिता पिता वरून तांब्याभर पाणी ओतत. दुपारी मुलगा, म्हणजे घरातला दादा, नळी धरी. तिचे टोक वरून कागदात खुपसले की वाकावे लागत नसे. संध्याकाळी मुलगी दवाखान्यातून दमून आली की उरलेली बाटली रिकामी करी, तीही वरूनच. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच पाणी घालतो. दवाखान्यात 'रोपांना पाणी मिळतंय' एवढेच प्रत्येक जण आईला अभिमानाने सांगे, असे मी नंतर ऐकले. पाणी खालून गळून फरशीवर डाग पडू लागले, तेव्हा दादाने माझ्या पाचही भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले.

मग वास सुटला. आधी आंबूस, मग कुजक्या अंड्यासारखा.

"गटार तुंबलंय वाटतं," दादा म्हणाला.

"दार लाव गं ते," बाबा म्हणाले.

मुलीने दार लावले, वर फटीला ओला टॉवेलही लावला. बारावा दिवस आला आणि गेला. माझ्या पोटात चिखल फसफसत होता, पण कागद सोडायला कोणी आले नाही.

सोळाव्या दिवशी आई घरी आली. पायाची पट्टी बदलायला रोज नर्सबाई यायच्या, ते मला खिडकीतून ऐकू येई. त्या वेळी बाबांना हटकून काहीतरी आणायला बाहेर जावे लागे, दादाचा फोन वाजे, आणि मुलगी स्वयंपाकघरात नळ सोडून भांडी घासत बसे. घासलेलीच भांडी. जखमेलाही वास होता.

"माझं सूप कधी?" आईने तिसऱ्या दिवशी विचारले.

मुलगी गच्चीत आली. तिने पहिला कागद सोडला आणि दांडे बोटांतून ओघळले. तपकिरी, चिकट, दोऱ्यादोऱ्यांचा लगदा. त्यात गोगलगाई तट्ट फुगून बसल्या होत्या. सहाच्या सहा तशीच. तिने नाकाला पदर लावला आणि दादाला हाक मारली.

"विकत आणू," दादा म्हणाला. "मातीत खोचून ठेवू. खिडकीतून तिला काय कळतंय?"

आणि त्यांनी तसे केले. बाजारातली जुडी, बुडाशी सपाट कापलेली, माझ्या घाणीत उभी केली. मित्रांनो, उंदराच्या पिंजऱ्याची आली नव्हती एवढी किळस मला त्या दिवशी आली.

दुपारी आई काठी टेकत टेकत गच्चीत आलीच. स्टुलावर बसली, जुडीला हात लावला. जुडी अलगद वर आली.

"हिची मुळं दुकानदाराने ठेवून घेतली का?" आई म्हणाली.

दादा आत सटकला. मुलगी उभी राहिली. "आई, तुझी सडली. आम्ही तिघंही वरून पाणी ओतत होतो."

"वास नाही आला?"

"आला."

"मग?"

"दार लावून घेतलं."

आईने आपल्या पायाच्या पट्टीकडे पाहिले. "विकतची मला चालली असती गं," ती म्हणाली. "पण हे नाटक घशाखाली उतरायचं नाही. उपस ते सगळं."

"फावडं आणते."

"हाताने. आणि ओकारी आली तर तिकडे तोंड कर, टबाला आधीच पुष्कळ झालंय."

मुलीने कोपरापर्यंत हात घातले. तीनदा उमासे आले. आई स्टुलावरून सांगत होती, "तो गोळा राहिला. कडेचं काढ. खाली काय कोंबलंय ते बघ." बोळे निघाले आणि काळे पाणी तिच्या पावलांवरून वाहत गेले. ती रडत होती, पण थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी गच्चीचे दार उघडे होते, म्हणून मला आतले दिसले. नर्सबाई आल्या तेव्हा बाबा चप्पल शोधू लागले. मुलगी मात्र पलंगाशी जाऊन बसली.

"आज मला शिकवा," ती म्हणाली.

पट्टी जखमेला चिकटली होती. ती भिजवून सोडवताना मुलीचे ओठ पांढरे पडले, नाकपुड्या मिटल्या.

"नाक मुरडलंस तरी चालेल," आई हळूच म्हणाली. "तोंड फिरवू नकोस."

तिने फिरवले नाही. त्यानंतर रोज पट्टी तीच बदलू लागली. पाचव्या दिवशी बाबा तिच्यामागे औषधाच्या पाण्याची वाटी धरून उभे राहिले. त्या विकतच्या जुडीचा घाणीतला भाग कापून, उरलेले स्वच्छ धुऊन सूप झाले, आईने वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "माझी असती तर याहून चांगलं झालं असतं."

सेलरीचे पुढचे बी पेरायच्या आत ती गेली.

मित्रांनो, मी आजही गच्चीत आहे. गांडुळांची मला अजून शिसारी येते, गोगलगाईंचीही. ती काही जाणार नाही, आणि तुमचीही जाऊ नये. पण घरात काही नासू लागले, माती असो की माणूस, तर आधी जवळ जा. वास घ्या, बघा, हात घाला. वरून पाणी ओतायला कोणीही येते. वास सुटल्यावर जो आत येतो, त्याचीच माणूस वाट पाहत असतो.